तांदळातलं नाव

पागनिसांच्या घरात बाहेरून येणाऱ्या कुणालाही स्वतःचं नाव घेऊन आत शिरता येत नसे. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, नावही तिथेच ठेवायचं. सून आली की नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहायचं आणि जुनं त्या घटकेपासून संपलं असं सगळ्यांनी समजायचं. हे तसं पुष्कळ घरांत होतं, पण पागनीस प्रत्येक बाबतीत लोकांच्या चार पावलं पुढे. त्यांच्याकडे दत्तक आलेल्या मुलाचं नाव बदलत, नव्या स्वयंपाकिणीचं बदलत, आणि पूर्वी धारच्या दरबारात पागेचा हिशेब त्यांच्याकडे होता तेव्हा विकत आणलेल्या घोड्यांचंही बदलत असत म्हणे. पुढे घोडे गेले, पागा गेली, पागेच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारी दुकानं आली. नावं बदलण्याची हौस तेवढी शिल्लक राहिली.

कुसुमावती या घरात आली तेव्हा ती देवासची बकुळा होती. मांडवात भैयासाहेबांनी अंगठीने तांदळात 'कुसुमावती' लिहिलं आणि तिच्या वडिलांनीच पुढे होऊन माहेरच्या साऱ्यांना बजावलं की आजपासून हिला याच नावाने हाक मारायची. वडील सरळ माणूस, मोठ्या घराण्यात मुलगी पडली म्हणून भारावलेले. आईनेही मुकाट ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त थोरल्या भावाने. उमाशंकरदादा शेवटपर्यंत फोनवर 'काय गं बकू' अशीच सुरुवात करायचा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादा गेला आणि त्या नावाने हाक मारणारं माणूस पृथ्वीच्या पाठीवर उरलं नाही. लोक भेटायला आले, भाऊ गेल्याबद्दल चार शब्द बोलले, चहा पिऊन गेले. भावाबरोबर आणखी एक बाई गेली हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी वेड लागलं म्हणाले असते. संध्याकाळी फोन वाजेनासा झाला तेव्हा तिला दादाइतकीच ती बकूही आठवे, आणि त्याची तिची तिलाच लाज वाटे.

आपणही तिला कुसुमावतीच म्हणू. घराण्याची रीत मोडणारे आपण कोण.

मांजर आणायची कल्पना कुसुमावतीची, पण परवानगी मिळवून दिली ती उंदरांनी. पागनिसांच्या बैठकीत काचेच्या पेटीत मूळपुरुषाची पगडी होती. भैयासाहेब सिंचाई विभागातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झाले होते, पण दसऱ्याला ती पगडी चढवून कॉलनीत सोनं वाटायला निघाले की चालण्यात थेट जहागीरदारी यायची. या दसऱ्याला पेटी उघडली तर आत उंदरीण व्यालेली. मूळपुरुषाचं डोकं जिथे असायचं तिथे गुलाबी पिल्लं एकमेकांना बिलगून झोपली होती. इतक्या पिढ्यांत पगडी पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडली, असं कुसुमावतीच्या मनात आलं. ओठांवर मात्र तिने ते येऊ दिलं नाही.

भैयासाहेबांनी उघड्या डोक्याने दसरा केला आणि तो अपमान मनात धरून बसले. तोच मुहूर्त साधून तिने मांजराचा विषय काढला. आजवर मांजर म्हटलं की त्यांना दूध, केस आणि अपशकुन एवढंच आठवे. या वेळी त्यांनी थोडा विचार केला आणि घराण्याच्या वस्तूंच्या रक्षणासाठी एक मांजर नेमायला हरकत नाही, असा हुकूम दिला. हैदराबादच्या यशराजने, म्हणजे त्यांच्या मुलाने, तिकडून मोबाइलवर शोधाशोध केली. देवासला उर्वशी नावाची एक मुलगी सापडली. ती रस्त्यावरची जखमी, टाकलेली पिल्लं घरी आणून वाढवते आणि बरी झाली की चांगली घरं पाहून देते. पिल्लू फुकट, पण मुलाखत द्यावी लागेल, असं यशराज म्हणाला. मुलाखत कोण कुणाची घेणार, हे भैयासाहेबांनी विचारलं नाही. ते आपणच घेणार यात त्यांना शंका नव्हती.

देवदिवाळीच्या सुमारास दोघं टॅक्सी करून देवासला गेले. भैयासाहेबांनी इस्त्रीचा कोट घातला होता. वाटेत त्यांनी ड्रायव्हरला धारच्या आणि देवासच्या घराण्यांतला फरक समजावून सांगितला. ड्रायव्हर 'हाव भियाजी' म्हणत समोरच्या डंपरला शिव्या देत राहिला. टेकडी दिसू लागली, दादाच्या घराकडे वळणारा रस्ता आला, तेव्हा कुसुमावतीने मान दुसऱ्या खिडकीकडे वळवली आणि तो रस्ता मागे पडेपर्यंत तशीच ठेवली.

उर्वशी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, कुरळ्या केसांची मुलगी. घरी बसून इंदूरच्या कुठल्याशा कंपनीचं काम करायची. तिच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसायला जागा होती, फक्त त्या प्रत्येक जागी कुणीतरी आधीच झोपलेलं होतं. भैयासाहेब कोटासकट उभे राहिले. मुलगी मराठी आहे म्हटल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे चौकशीला हात घातला. देवासला पूर्वी एकाच गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुम्ही कुठल्या पातीचे, असं त्यांनी विचारलं. मुलीने जरा आठवून पाहिलं आणि आम्ही विकासनगरचे, म्हणाली.

मग त्यांनी आपल्या घराण्याची ओळख करून द्यायला घेतली. मूळपुरुष माळव्यात कसे आले इथपासून सुरुवात झाली आणि पागेच्या तिसऱ्या पिढीपर्यंत गाडी आली, तेव्हा उर्वशीने हात वर केला.

"काकासाहेब, ते सगळं ठीक आहे," ती म्हणाली, "पण खिडक्यांना जाली आहे का?"

भैयासाहेबांना आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पुढचेही नव्हते. घरात दिवसभर कोण असतं, बाहेरगावी गेलात तर बघणार कोण, जवळ डॉक्टर आहे का, पूर्वी कधी जनावर पाळून सोडून दिलंय का. ते लाल होत गेले. आमच्या वेळी मूल देणारा हात जोडून उभा असायचा, आणि इथे देणारीच आरोपीसारखं उभं करून विचारते, असं त्यांनी पुटपुटून पाहिलं. कुसुमावतीने जाळीचं, डॉक्टरचं, दिवसभर घरी असण्याचं सगळं नीट सांगितलं. दिवसभर घरी असण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग उर्वशी आतल्या दाराशी गेली आणि तिने हळूच हाक मारली, "चिऊ."

पलंगाखालून एक करड्या रंगाचं, मुठीएवढं पिल्लू बाहेर आलं. एक डोळा मिटलेला, पांढरट. आजूबाजूच्या कुणाकडे न पाहता ते आवाजाच्या रोखाने सरळ चालत आलं आणि उर्वशीच्या पायावर बसलं. नवरात्रात सोयाबीनचा एक ट्रक खातेगांवहून देवासला आला, त्याच्या बोनेटमध्ये हे सापडलं होतं. इंजिनाच्या चटक्याने एक डोळा गेलेला, दुसऱ्यालाही कमीच दिसतं. कितीतरी दिवस ते कोपऱ्यातून हललं नाही, मग हळूहळू हाकेला यायला लागलं.

"हिला ना, आवाजच समजतो, काकू," उर्वशी म्हणाली. "तिचं जे काय आहे ते एवढंच आहे, तिचं नाव. म्हणून माझी एकच रिक्वेस्ट आहे. नाव चेंज नका करू. मी पंधरा दिवसांनी विजिटला येते, बाहेरूनच आवाज देते. ती राजी नसली तर परत घेऊन जाते, मग नाराज नाही व्हायचं."

खातेगांवचं नाव निघालं तसे भैयासाहेब घसा खाकरून खिडकीबाहेर बघायला लागले होते. नाव बदलू नका हे ऐकून मात्र पुन्हा भानावर आले. कुसुमावती पिल्लाकडे पाहत होती. हाक मारली आणि हाकेला कुणी आलं, एवढी साधी गोष्ट तिने वर्षभरात पाहिली नव्हती. तिला ते पिल्लू हवं होतं, कशाला नेमकं ते सांगता आलं नसतं, पण इतक्या वर्षांत एखादी गोष्ट तिला इतकी हवीशी वाटली नव्हती. आता उंदीर, पगडी, सगळं एकीकडे राहिलं. पिशवीत पिल्लू घेऊन ती टॅक्सीत मागे बसली आणि घाटाबिल्लोद येईपर्यंत तोंडातल्या तोंडात तेच एक नाव घेत राहिली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भैयासाहेबांनी बारशाची तयारी मांडली. कुसुमावतीने आठवण करून दिली की त्या मुलीने नाव बदलू नका म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, ती देवासची नियमावली, हे धार आहे. शिवाय चिऊ हे नाव नसून हाड म्हणण्याचा एक प्रकार आहे. पागनिसांच्या घरात आल्यावर तिला काही दर्जा नको का. त्यांनी रात्रभर विचार करून नाव काढलं होतं, रुक्मिणीराजे. रुक्मिणी हे त्यांच्या पणजीचं नाव. राजे कुठून आलं ते विचारायची सोय नव्हती, कारण घोड्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या सात पिढ्यांत कुणी राजे झालं नव्हतं.

चांदीचं ताट निघालं, त्यात चांगला कालीमूंछ तांदूळ पसरला गेला. अंगठी निघेना, साबण लावून काढली. तीच अंगठी, तिच्याच लग्नातली. भैयासाहेबांनी सोवळं नेसून, मान तिरपी करून, अक्षर जपत 'रुक्मिणी' लिहिलं. 'राजे' ताटात मावेना, ते खालच्या ओळीत घेतलं. मग पिल्लाला आपलं नाव दिसावं म्हणून त्यांनी ते उचलून ताटासमोर ठेवलं.

आता उर्वशीने त्या पिल्लाला बारीक वाळूच्या ट्रेची सवय लावली होती, हे तिने निघताना सांगितलंही होतं. पण त्या वेळी भैयासाहेब ड्रायव्हरला गाडी कशी वळवायची ते शिकवत होते. चिऊने ताट हुंगलं. पायाने तांदूळ जरा खरवडून पाहिला, पसंत पडला. ताटात चढली, शेपटी वर केली आणि शांत चेहऱ्याने आपलं काम उरकलं. शिकवलेलं, स्वच्छ जनावर. काम झाल्यावर तिने मागच्या पायांनी चहूबाजूंचा तांदूळ ओढून सगळं नीट झाकलं. रुक्मिणी पूर्ण झाकली गेली. खालच्या ओळीतले राजे तेवढे वाचले.

कुसुमावती हसली. पदर तोंडात कोंबून हसली, मग पदर काढून हसली. दादा गेल्यापासून ती हसली नव्हती, त्यामुळे थांबायचं कसं तेच तिला आठवेना. भैयासाहेब ओरडले, "रुक्मिणीराजे," आणि त्या राजघराण्यातल्या हाकेने घाबरून पिल्लाने ताटातून जी उडी मारली ती थेट आतल्या खोलीत, लोखंडी कपाटाखाली.

तिथून ते बाहेर आलंच नाही. भैयासाहेबांनी दूध ठेवलं, साय ठेवली, कपाटाशी उभे राहून 'रुक्मिणीराजे, या' म्हणाले, 'या राजे' म्हणाले, शेवटी नुसतं 'ए' म्हणाले. कपाटाखाली काही हललं नाही. संध्याकाळी त्यांनी निकाल दिला की पिल्लू मठ्ठ आहे आणि बहुधा बहिरंही. त्या पोरीने फसवून खराब माल गळ्यात मारला.

ते संध्याकाळी फिरायला गेले, तेव्हा कुसुमावती जमिनीवर बसली. आधी तिने दाराकडे पाहिलं, मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "चिऊ." कपाटाखालून आधी नाक आलं, मग तो एक डोळा, मग सगळं पिल्लू. ते तिच्या मांडीत येऊन बसलं आणि घुरघुरायला लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मांजरासाठी कुणी रडतं का, असं ती स्वतःलाच रागावली आणि तरी रडत राहिली.

मग घरात दुहेरी कारभार सुरू झाला. नवरा समोर असला की ती रुक्मिणीराजे, तो बाहेर गेला की चिऊ. कुसुमावतीला यात काही नवं शिकावं लागलं नाही. घरात एक नाव आणि फोनवर एक, असा संसार तिने इतकी वर्षं केलाच होता. अडचण एवढीच होती की मांजरीला अजून ते जमत नव्हतं. भैयासाहेबांचं पाऊल वाजलं की ती कपाटाखाली जायची. तिला नजरेसमोर ठेवायची म्हणून ते मुद्दाम खोलीत खुर्ची टाकून बसायचे, आणि ती मुद्दाम त्या वेळात जेवायची नाही. तिचं अंग सुकत चाललं. उर्वशीच्या येण्याचा दिवस जवळ येत होता. ती मुलगी दारात उभी राहणार, हाक मारणार. नवरा समोर असला तर पिल्लू बाहेर येणार नाही, आणि ती त्याला पिशवीत घालून घेऊन जाणार. हे पिल्लू गेलं तर या घरात खऱ्या नावाने हाक मारायला कुणी उरणार नाही, आणि तिला तशी हाक मारणारं तर कुणी नव्हतंच.

एकदा तिने धीर करून विषय काढला. नाव राहू द्या ना जुनं, म्हणाली. भैयासाहेबांनी पेपर खाली न घेता सांगितलं की नाव बदललं म्हणून कुणी मरत नाही. स्वतः त्यांचंच बदललं होतं. सहा वर्षांचे असताना ते दत्तक येऊन या घरात आले, कृष्णाजी झाले, भैयासाहेब झाले, काही बिघडलं का. त्यावर कुसुमावतीने काय बिघडलं ते सांगितलं नाही. यादी मोठी होती आणि भाजी गॅसवर होती.

उर्वशी येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती बाजारातून परतली. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीतून आवाज आला म्हणून ती पावलं न वाजवता गेली. पाहते तर भैयासाहेब, उभ्या कॉलनीत सोनं वाटणारे भैयासाहेब, बनियनवर जमिनीला पोट टेकून पालथे पडलेले. गाल फरशीला लावलेला, एक हात कपाटाखाली, बोटाला साय. आणि ते म्हणत होते, "चिऊ. ये गं. ये चिऊ."

ती हातातली पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. त्यांना चाहूल लागली, पण वयाच्या मानाने झटकन उठणं जमण्यासारखं नव्हतं. ते पालथेच राहिले आणि कपाटाच्या पायाशी बोलल्यासारखे म्हणाले की उद्या पाहुणी येणार, घराण्याची शोभा नको व्हायला, म्हणून प्रयत्न करून बघत होतो. कुसुमावतीने बरं म्हटलं. तेवढ्यात चिऊ बाहेर आली. तिने बोटावरची साय चाटली आणि त्यांच्या कोपराला अंग घासलं. भैयासाहेब उठून बसले, भिंतीला टेकले.

"मीही बसलो होतो," मग ते म्हणाले.

कुठे, तिने विचारलं.

"इथे आणलं तेव्हा. जुन्या घरी धान्याची कोठी होती, तिच्यामागे. सगळे 'कृष्णाजी, कृष्णाजी' म्हणून हाका मारायचे. मला वाटायचं, दुसरं कुणी मूल असेल. ते जाऊ दे, मग मी निघेन. मला कुणी बोलवतच नव्हतं. खातेगांवला मला गोपू म्हणायचे."

एका स्वयंपाकिणीला कसं कोण जाणे ते नाव माहीत होतं. तिने दोन दिवसांनी लाडू हातात घेऊन गोपू म्हटलं आणि ते बाहेर आले. त्या बाईला सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या दत्तक आईने, असं फैलावर घेतलं की पुन्हा तिने तोंड उघडलं नाही. कुसुमावतीला त्यांची दया आली, खरीखुरी. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्या शेजारी जमिनीवर बसले होते, आणि सहा वर्षांचे वाटत होते.

"चिऊच म्हणू आपण हिला," ते म्हणाले. "बिचारी. परक्या घरात येऊन वर नावही काढून घ्यायचं, हे बरं नाही. काय?"

कुसुमावतीने मान हलवली आणि वाट पाहिली. पुढचं वाक्य आता येईल असं तिला वाटलं. इतक्या जवळ आलं होतं ते, की एवढं कपाटाखाली हात घालणारा माणूस जरा मान वळवून शेजारी बघेल आणि त्याला दिसेल, असं तिला खरोखर वाटलं. भैयासाहेबांनी बनियनवरची धूळ झटकली.

"चहा टाका, कुसुमावती," ते म्हणाले.

तिने चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी उर्वशी आली. दारातूनच तिने हाक मारली आणि चिऊ भैयासाहेबांच्या मांडीवरून उतरून तिच्याकडे पळत गेली, हुंगून परत आली आणि पुन्हा त्यांच्याच मांडीवर चढली. उर्वशीचा चेहरा उजळला. भैयासाहेबांनी सांगितलं की आम्ही पहिल्यापासून चिऊच म्हणतो. मुक्या जिवाचं नाव बदलणं म्हणजे क्रूरपणा आहे, आमच्या घराण्यात ते चालत नाही. बोलताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, तेवढी शरम त्यांच्यात होती. पोरगी इतकी खूश झाली की तिने त्यांना मूळपुरुषापासून पागेच्या पाचव्या पिढीपर्यंत येऊ दिलं.

निघताना तिने तिघांचा फोटो काढला. इंस्टाग्रामवर टाकायचा होता, चिऊ आणि तिची फॅमिली म्हणून. तिने मोबाइलवर भैयासाहेबांचं नाव टाइप केलं आणि विचारलं, "आणि काकू, तुमचं नाव काय टाकू?"

कुसुमावतीने तोंड उघडलं. दोन नावं ओठांपर्यंत आली होती, आणि त्यातलं एक ती बोलणारच होती.

"कुसुमावती," भैयासाहेब म्हणाले. "कु ऱ्हस्व, नीट लिहा."

उर्वशीने नीट लिहिलं आणि ती गेली.

संध्याकाळ झाली. भैयासाहेब ओसरीत आरामखुर्चीत बसले, खुशीत होते. त्यांनी आतल्या बाजूला हाक दिली, "कुसुमावती, चहा." स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. मग, अहो कुसुमावती, ऐकलंत का, झालं. मग तब्येत बरी आहे ना, झालं. घर गप्पच राहिलं. शेवटी खुर्ची करकरली आणि ते उठून आत आले.

ती पिठाच्या कोठीमागे, भिंतीशी, जमिनीवर बसली होती. मांडीत चिऊ. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण उठली नाही. भांडली नाही, रडली नाही, काही सांगितलंही नाही. चिऊनेही कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं, ती फक्त आली नव्हती. भैयासाहेब दारात उभे राहिले. त्यांनी कोठीकडे पाहिलं, कोठीमागच्या जागेकडे पाहिलं, तिथे बसलेल्या बायकोकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून 'कुसु' एवढं निघालं आणि तिथेच थांबलं. मग त्यांनी चौकटीला हात टेकला. गुडघे दुखत असतानाही ते हळूहळू खाली वाकले आणि तिच्या समोर फरशीवर बसले.

"बकुळा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की दुसऱ्या कुणाला ऐकूही गेला नसता.

तिला रडू फुटलं, पण ती जागची हलली नाही. पहिल्याच हाकेला बाहेर यायचं नसतं, एवढं ती या पंधरा दिवसांत शिकली होती. तिने चिऊच्या पाठीवरून हात फिरवला आणि वाट पाहिली. भैयासाहेबांनी घसा साफ केला.

"बकुळा," ते पुन्हा म्हणाले, या वेळी नीट, ऐकू येईल असं.

मग बकुळा उठली आणि तिने चहा टाकला.